दोन काठ, मधला चिखल

नदी उतरून पलीकडे जाणे हे आपल्या पूर्वजांच्या लेखी जोखमीचे काम होते, आणि जेथे ते नित्य करावे लागे तेथे कसबा वसे, चौकी बसे आणि प्रसंगी पाण्यालगत कोटही उभा राही. शिरवळ हे अशाच जागी वसलेले गाव होय. उत्तरेस नीरा, पलीकडच्या तीरावर भोर तालुक्यातले सारोळे, म्हणजे पुणे जिल्हा. अलीकडे खंडाळा तालुका, म्हणजे सातारा जिल्हा. आणि नीरेकाठी सुभानमंगळ या भुईकोटाची ती जागा, ज्यासाठी १६४८ साली फत्तेखानाच्या आदिलशाही फौजेशी शिवाजी महाराजांच्या मावळ्यांची झुंज झाली. याच नदीवर, थोडे खाली नीरा गावापाशी, दर आषाढवारीत ज्ञानेश्वर माउलींच्या पादुकांना स्नान घालतात आणि पालखी लोणंदच्या वाटेने सातारा जिल्ह्यात प्रवेश करते. त्या दिवशी पुलावर आणि दोन्ही काठांवर उभ्या राहिलेल्या माणसांची गणती कोणी करू म्हटल्यास त्याची दमछाक व्हावी.

व्यापारासाठी, युद्धासाठी आणि श्रद्धेसाठी माणूस पाणी ओलांडतो हे समजण्याजोगे आहे. परंतु पलीकडे कसलेही काम नसताना, केवळ ओलांडण्याच्या गमतीखातर, दिवसाढवळ्या, हजारो लोकांच्या देखत जेव्हा तो चिखलपाण्यात उतरतो, आणि तेही चित्रविचित्र सोंगे घेऊन किंवा तोंडाने अद्वातद्वा बोलत, तेव्हा त्या प्रकाराची गणना कशात करावी हा प्रश्न पडतो. जगात असे प्रकार पुष्कळ आहेत. त्यांतला एक आपल्या खंडाळा तालुक्यातच आहे, आणि दुसरा इंग्लंडात, एसेक्स परगण्यातील मालडन या खाडीकाठच्या गावी. एकमेकांची वार्ताही नसलेल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या तर दोहोंवर चांगला उजेड पडतो.

घरच्या गोष्टीपासून आरंभ करू. लोणंदच्या बाजूस मौजे बोरी आणि मौजे सुखेड ही दोन गावे आहेत आणि दोहोंच्या मधून एक ओढा वाहतो. श्रावण शुद्ध पंचमीस नागपंचमी झाली, की दुसऱ्या दिवशी, म्हणजे षष्ठीस, भर दुपारी या दोन्ही गावांच्या बायका आपापल्या काठावर येऊन समोरच्या काठावरील बायकांना शिव्यांची लाखोली वाहतात. ‘बोरीचा बार’ या नावाने हा प्रकार साऱ्या मुलखात प्रसिद्ध असून तो पाहण्यास सातारा आणि पुणे या दोन्ही जिल्ह्यांतून माणसे लोटतात. याच्या उगमाची कथा अनेक तऱ्हांनी सांगितली जाते; तिचा गाभा इतकाच, की एका पाटलाच्या दोन बायका, एक या गावी नांदणारी आणि दुसरी त्या गावी नांदणारी, ओढ्यावर एकमेकींस भिडल्या, भांडण विकोपास गेले आणि दोघींनाही त्यातच मृत्यू आला. पुढे एखाद्या वर्षी बार घातला नाही तर पाऊस दगा देतो असा समज रूढ झाला, आणि पावसाशी ज्याची गाठ पडली तो दस्तूर आपल्याकडे सहसा मोडत नाही.

प्रत्यक्ष देखावा असा असतो. बारा वाजण्याच्या सुमारास दोन्ही गावांतून वाजतगाजत बायका निघतात. पुढे हलगी, ताशा, शिंग, मागे नव्या लुगड्यांचा आणि पातळांचा घोळका. ओढ्याच्या काठाशी आल्यावर पदर खोचले जातात, हात वर होतात, आणि त्या हातांची जी काही भाषा सुरू होते तिचे वर्णन छापील पुस्तकात करता येत नाही. गंमत अशी, की ज्या शिव्या ऐकण्याच्या मिषाने लोक एवढ्या लांबून येतात त्या वाद्यांच्या गजरात काठावरच्या माणसाला फारशा ऐकूच येत नाहीत. दिसतात ते ताणलेले गळे, आपटणाऱ्या टाळ्या आणि ओठांची लगबग. घरात सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी एखादी पोक्त बाई येथे पोटरीएवढ्या गढूळ पाण्यात उतरून समोरच्या गावातील आपल्याच वयाच्या बाईस बोटाने खुणावते, समोरची दोन पावले पुढे येते, दोघींच्या पायांखालचा गाळ घसरतो, आणि कोण कोणाला आपल्या काठाकडे ओढून नेते याविषयी दोन्ही बाजूंचा उत्साह शिगेस पोचतो. अशा वेळी मध्ये उभ्या असलेल्या महिला पोलिसांची जी तारांबळ उडते ती पाहून सरकारी बंदोबस्ताविषयी सहानुभूतीच वाटू लागते. कारण एरवी ज्या वर्तनावर फौजदारी कायद्याचे कलम लागावे त्याचेच संरक्षण करण्याचे काम त्यांच्याकडे आलेले असते.

थोड्या वेळाने वाद्ये थांबतात आणि बार संपतो. कोणी जिंकलेले नसते, कोणी हरलेले नसते, पंचनामा होत नाही, कोणाची फिर्याद दाखल होत नाही. त्या दिवशी बोललेले मनात ठेवायचे नाही, हा या खेळाचा अलिखित करार आहे. ओढा ही दोन्ही गावांची हद्द आहे. हद्दीवरून महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या किती कज्जे चालले, किती महजर झाले, किती डोकी फुटली, याची साक्ष जुनी दप्तरे देतील. त्या पार्श्वभूमीवर, वर्षभराचे जे काही साचले असेल ते एका दुपारी, एका ठरीव जागी, फक्त शब्दांनी आणि फक्त बायकांनी वाहून टाकावे, ही व्यवस्था ज्या कोणी प्रथम अमलात आणली त्याला, किंवा बहुधा तिला, मनुष्यस्वभाव चांगला कळत होता असे म्हणावे लागेल.

आता मालडन. लंडनच्या ईशान्येस, ब्लॅकवॉटर नदी जेथे समुद्राला मिळू लागते त्या खाडीच्या माथ्यावर हे गाव आहे. आपली नीरा सह्याद्रीच्या माथ्याशी उगम पावूनही पश्चिमेकडे पाठ फिरवते आणि भीमेला, भीमा कृष्णेला मिळून अखेर बंगालच्या उपसागरास जाते. म्हणून शिरवळच्या माणसाने पुराचे पाणी चढताना आणि उतरताना पाहिले असले, तरी दिवसातून दोनदा नदी उलटी वाहते हे दृश्य पाहण्यास त्याला वरंधा घाट उतरून महाडच्या पलीकडे, बाणकोटच्या खाडीकडे जावे लागते. मालडनची नदी अशी उलटसुलट वाहणारी आहे. भरतीला तेथे होड्या तरंगतात. ओहोटीला पाणी निघून जाते आणि मागे उरतो तो करड्या रंगाचा, चकचकीत, तळ न लागणारा चिखल.

१९७३ साली त्या गावच्या एका रहिवाशाला कोणी तरी आव्हान दिले, की नदीपलीकडच्या खाऱ्या माळावर मेजवानीचा काळा पोशाख चढवून जेवण वाढून दाखव. हिमतीच्या भरात दिलेल्या आणि घेतलेल्या आव्हानांना जगात कोठेही मरण नसते. त्याने ते करून दाखवले. पुढच्या वर्षी पलीकडच्या काठावर मद्याचा गुत्ता मांडण्यात आला आणि सुमारे वीस जणांनी नदीच्या तळातून धावत जाऊन, एकेक पेला रिचवून, तसेच धावत परत येण्याचा पराक्रम केला. तेथून ही शर्यत वाढत गेली. आज शेकडो स्पर्धक त्यात उतरतात, अंतर सुमारे चारशे मीटरांचे असते, आणि पूर्वी नाताळाच्या आगेमागे, रक्त गोठवणाऱ्या थंडीत होणारी ही धाव अलीकडे वसंतात घेतली जाते. बहुतेक स्पर्धक सोंगे घेऊन येतात: कोणी नवरी, कोणी कोंबडा, कोणी पाद्री. ते सारे कोणत्या ना कोणत्या सत्कार्यासाठी निधी जमवत असतात.

सत्त्याऐंशी सेकंदांत चारशे मीटर धावणारा शाळकरी मुलगा शिरवळच्या कोणत्याही मैदानावर सापडेल. परंतु येथे ज्याला आपण धावणे म्हणतो ते पहिल्या दहा पावलांतच संपते. शर्यतीच्या आधी जाणती मंडळी आपले जुने बूट पायाला चिकटपट्टीने गच्च गुंडाळून घेतात, घोट्यावरून तीन-चार वेढे देऊन. कारण असे न करणाऱ्याचा पाय वर येतो आणि बूट नदीच्या तळाशी कायमचा मुक्कामास राहतो. इशारा होताच पहिली फळी पाण्यात शिरते, मागच्यांच्या वाट्याला पुढच्यांनी घुसळलेला चिखल येतो, आणि पाहता पाहता नवरीची झालर, कोंबड्याचा तुरा आणि पाद्र्याचा झगा हे सर्व एकाच करड्या वर्णाचे होऊन जातात. ज्याला पुढे राहायचे असते तो अभिमान सोडून चार पायांवर येतो आणि रांगू लागतो. काठावरचे लोक हसतात ते याच क्षणी, आणि हसण्यात दुष्टावा नसतो. कारण चिखलात पडलेल्या माणसाला त्याचा हुद्दा, शिक्षण आणि बँकेतली शिल्लक यांपैकी काहीच उपयोगी पडत नाही हे प्रत्येकाला दिसत असते.

चिखल असा पाय का धरतो? मातीतले अतिसूक्ष्म चिकणकण, ज्यांची जाडी मिलिमीटराच्या पाचशेव्या भागाहूनही कमी असते, चपट्या पत्रीसारखे असतात आणि आपल्याभोवती पाणी धरून ठेवतात. गोड्या पाण्याबरोबर वाहत आलेले हे कण एकमेकांना दूर लोटत पाण्यात तरंगत राहतात. परंतु खाडीच्या तोंडाशी समुद्राचे मीठ मिसळताच ते एकमेकांस चिकटतात, त्यांचे पुंजके होतात, आणि भरती-ओहोटीच्या मधल्या स्तब्ध घटकेत ते तळाशी बसतात. म्हणून नदी डोंगरात स्वच्छ असली तरी खाडीत चिखल असायचाच. या चिखलाचा दुसरा गुण असा, की तो स्थिर असताना घट्ट राहतो आणि ढवळला की पातळ होतो. पाय टाकताच तो वाट देतो, पाय थांबताच पुन्हा घट्ट होऊन पायास वेढतो. वर ओढू म्हटले तर तळपायाखाली जी पोकळी व्हावयास हवी तिच्यात हवा शिरू शकत नाही, आणि एकावर एक बसलेली दोन ओली ताटे जशी सरळ ओढून सुटत नाहीत तसा पाय अडकून राहतो. उपाय एकच: अंगाचा भार पसरवायचा, टाच हलकेच डाव्या-उजव्या बाजूस फिरवून खाली पाणी शिरू द्यायचे, आणि घाई करायची नाही. माणूस चिखलापेक्षा हलका असल्यामुळे तो अख्खा बुडत नाही. खरा धोका अडकून पडलेला असताना भरती परत येण्याचा असतो.

या चिखलाचा खरा धनी कोण हे पाहायचे तर मुंबई-अलिबागकडच्या खाड्यांतून ओहोटीच्या वेळी निवट्या पाहाव्यात. बोटाएवढा हा मासा कल्ल्यांजवळच्या परांवर उड्या घेत चिखलावरून असा चालतो, की मालडनच्या विजेत्याने शरमून मान खाली घालावी.

आपल्या देशावरच्या शेतकऱ्याला चिखल परका नाही. भोर, वेल्हे, जावळी, महाबळेश्वर या पट्ट्यांतील भातखाचरांत लावणीपूर्वी जी चिखलणी करतात ती म्हणजे हाच गुण जाणूनबुजून कामाला लावणे होय: माती पाण्यात घुसळून तिची घडण मोडायची, म्हणजे पाणी खाली झिरपत नाही आणि रोप उभे राहते. कोकणात तर या चिखलणीचीच स्पर्धा होते. रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्यात भरणाऱ्या नांगरणी स्पर्धांतून चिखलाने भरलेल्या खाचरात बैलजोडी सोडतात, मागे नांगर धरून शेतकरी धावतो, आणि गावठी व घाटी अशा दोन गटांत बैलांची निराळी स्पर्धा लावतात. त्यांतला घाटी बैल म्हणजे आपल्याच बाजूचा पाहुणा, हे साताऱ्याच्या वाचकाने ध्यानात ठेवावे.

मालडनच्या शर्यतीत पंच कोण असतो? काठावर शिट्टी घेऊन उभा असलेला गृहस्थ नाममात्र असतो. वेळ ठरवतो तो चंद्र. भरती दिवसातून दोनदा येते आणि दररोज सुमारे पाऊण तासाने मागे पडते, कारण चंद्राला पुन्हा आपल्या माथ्यावर येण्यास चोवीस तासांहून सुमारे पन्नास मिनिटे अधिक लागतात. कोकण किनाऱ्यावरील कोळ्यांना यासाठी छापील कोष्टक लागत नाही. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ तासांत मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. हिशेब अगदी काटेकोर पाहिला तर पंधरा तिथींत बारा तासांचा फेरा पुरा व्हावयास दर तिथीस अठ्ठेचाळीस मिनिटे धरावी लागतील, पंचेचाळीस नव्हे. म्हणून पौर्णिमा-अमावास्येजवळ या सूत्रात थोडी तूट येते. परंतु होडी ढकलणाऱ्याला एवढे पुरते.

या सूत्रातूनच आणखी एक गोष्ट निघते, आणि ती अलिबागला जाणाऱ्या घाटावरच्या माणसाने जरूर समजून घ्यावी. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते, म्हणजे भरती फार चढते आणि ओहोटी फार उतरते. परंतु त्या दिवशी भरती दुपारी बाराच्या आगेमागे येत असल्याने ती खोल ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पडते. याच्या उलट अष्टमीस ओहोटी ऐन दुपारी सोयीने मिळते खरी, पण ते दिवस भांगाचे असतात, पाणी पुरते हटत नाही. शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधावयास काढलेला कुलाबा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर असून ओहोटीला तेथे पायी किंवा घोडागाडीने जाता येते, आणि भरती आल्यावर तोच किल्ला पाण्याने वेढला जातो. किल्ल्याचे निम्मे रक्षण दगड करतात आणि निम्मे चंद्र, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

मालडनच्या लोकांना हा धडा फार महाग पडला होता. इसवी सन ९९१ च्या ऑगस्टात व्हायकिंग चाचे ब्लॅकवॉटरमधील नॉर्दी बेटावर उतरले. बेटापासून किनाऱ्यापर्यंतची वाट ओहोटीतच उघडी पडे आणि ती इतकी अरुंद, की मूठभर माणसांनी ती अडवून धरावी. एसेक्सचा अधिपती बिर्टनॉथ याने ती अडवलीही. परंतु चाच्यांनी ‘आम्हाला पलीकडे येऊ द्या, मग सरळ लढू’ असा निरोप पाठवताच या मानी पुरुषाने वाट मोकळी केली, आणि त्या दिवशी तो स्वतः पडला, त्याचे सैन्यही मोडले. त्या वर्षी इंग्लंडने चाच्यांना दहा हजार पौंड चांदीची खंडणी भरली. या लढाईवरील प्राचीन इंग्रजी काव्याच्या तीनशे पंचवीस ओळी आज उपलब्ध आहेत. मूळ हस्तलिखित १७३१ च्या आगीत जळाले, आधी करून ठेवलेल्या नकलेमुळे काव्य वाचले. सुभानमंगळ आणि पुरंदरच्या मोहिमेत मावळ्यांनी जो गनिमी कावा दाखवला त्याचे वाचन केलेल्या माणसाला बिर्टनॉथाचा शिष्टाचार वेडगळ वाटेल, आणि तसे वाटण्यात चूक नाही. सुमारे हजार वर्षांनी त्याच नदीत त्याच ओहोटीत लोक कोंबड्याची सोंगे घेऊन धावू लागले, ही मात्र इतिहासाची चांगली सुधारणा समजली पाहिजे.

सोंग आणि दान यांचा संबंध काय, हा प्रश्न आता घ्यावा लागेल. पाश्चात्त्यांच्या या चालीचे वृत्तपत्री वर्णन वाचून पुष्कळांना वाटते, की पैसा गोळा करायचा तर सरळ पावतीपुस्तक घेऊन फिरावे, त्यासाठी कोंबडा कशाला व्हायचे? परंतु आपल्याच परंपरेकडे पाहिले असता उत्तर मिळते. मोरपिसांची टोपी घालून पहाटे दारोदार येणारा वासुदेव, फौजदाराचा वेष चढवून गावाला क्षणभर घाबरवून सोडणारा बहुरूपी, अंगावर कोरडा ओढून घेणारा पोतराज, परडी घेऊन जोगवा मागणारी जोगतीण: ज्याला मागायचे आहे त्याने आधी नेहमीचे रूप टाकावे, हा नियम महाराष्ट्राने फार पूर्वी जाणला होता. साध्या कपड्यांत मागणाऱ्या माणसाकडे आपण संशयाने पाहतो आणि तोही ओशाळतो. सोंगात मागणाऱ्याला द्यायला हात मोकळा होतो, कारण देणारा व्यक्तीला देत नसून त्या रूपाला देत असतो. मालडनचा स्पर्धक आपल्या परिचितांना सांगतो, ‘मी चिखलात लोळून दाखवतो, तुम्ही अमुक रुग्णालयाला इतके द्या’. मागण्याची लाज तो चिखलात घालवतो.

दोन्हींत फरक आहे आणि तो लहान नाही. वासुदेव आपल्या पोटासाठी मागे आणि ते त्याचे पिढीजात काम असे. मालडनचा कोंबडा एरवी कारकून किंवा शिक्षक असतो आणि मिळालेला पैसा दुसऱ्याकडे जातो. पोटासाठी सोंग घेणाऱ्यांना आपण हळूहळू दारावरून हाकलले आणि हौसेने सोंग घेणाऱ्यांचे कौतुक करू लागलो, हे न्यायाचे झाले असे मला वाटत नाही. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये, जी २००४ साली सुरू झाली, ‘ड्रीम रन’ नावाचा एक विभाग असतो; त्यात धावण्यापेक्षा वेषालाच महत्त्व, आणि सामाजिक संस्थांसाठी निधी हा उद्देश. तेथे वासुदेवाचा वेष घेतलेला एखादा बँकेचा अधिकारी दिसला तर त्याची छायाचित्रे निघतील. खरा वासुदेव रस्त्यात दिसला तर त्याला बाजूला सरकायला सांगितले जाईल.

गोव्यात या प्रकाराची दोन रूपे निरनिराळी जपली आहेत. माशेलच्या देवकीकृष्ण मंदिरासमोर आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, द्वादशीस, चिखलकाला होतो. देवकीच्या मांडीवर बसलेला कृष्ण अशी ही दुर्मीळ मूर्ती मूळची चोडण बेटावरची. पोर्तुगीज अमलात ती तेथून हलवावी लागली आणि अखेर माशेलात स्थिरावली. एकादशीच्या भजनानंतर अंगाला तेल लावलेले पुरुष आणि पोरे पटांगणात उतरतात आणि पावसाने झालेल्या चिखलात गोकुळातले खेळ खेळतात. तेथे पडणे हीच सेवा असते, म्हणून कोणाला ओशाळवाणे वाटत नाही. दुसरे रूप बार्देशातील शिवोलीचे. २४ जूनला, सांजांवच्या सणाला, डोक्यावर फुलापानांचा कोपेल घातलेले ख्रिस्ती तरुण विहिरींत उड्या मारतात आणि शिवोलीला सजवलेल्या होड्या निरनिराळ्या वाड्यांतून येऊन भरतीच्या पाण्यावर मिरवतात. होड्यांवरची सोंगे आणि देखावे पाहण्यास दोन्ही काठांवर गर्दी होते. शिवोलीच्या होड्यांना पाणी चढलेले लागते, मालडनच्या कोंबड्याला उतरलेले. म्हणून एकाच खाडीत या दोन्ही गमती एका वेळी कधी भरवता यायच्या नाहीत.

बोरीच्या बाराकडे परत येतो. चंद्राची सत्ता तेथेही आहे. खाडी नसली तरी षष्ठी आहेच, आणि षष्ठीची दुपार टळली की पुढच्या श्रावणापर्यंत थांबावे लागते. हद्द आखलेली आहे, वेळ आखलेली आहे, खेळणाऱ्या कोण हेही ठरलेले आहे. मालडनला जे आहे आणि बोरीला नाही असे एकच: हजारोंची गर्दी जमते, पण ती पाहून परत जाते, ओढ्याला, शाळेला, दवाखान्याला तिच्यापासून काहीच मिळत नाही. उलट अलीकडे काठावर बाप्यांची जी रांग हातात मोबाइल धरून उभी असते तिने या प्रसंगाची अदब घालवली आहे. ज्या बायकांनी एका दिवसापुरती मर्यादा बाजूला ठेवली ती ओढ्याच्या भरवशावर ठेवली होती. तिचे चित्रण करून ते सासरच्या-माहेरच्या प्रत्येक फोनवर फिरवण्याचा अधिकार कोणालाही कोणी दिलेला नाही.

म्हणून दोन्ही गावांच्या यात्रा कमिट्यांना एक विनंती करावीशी वाटते. षष्ठीच्या दिवशी लोणंदच्या बाजूने येणाऱ्या वाटेवर एक पेटी आणि एक पावतीपुस्तक ठेवावे, बघ्याकडून दहा-वीस रुपये घ्यावेत, जमलेली रक्कम दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांच्या चावडीवरील फळ्यावर लिहावी आणि ती त्या ओढ्याचा गाळ काढण्यास किंवा गावच्या मुलींच्या शाळेस लावावी. ती कोठे लावायची हे मात्र त्या दिवशी ओढ्यात उतरणाऱ्या बायकांनी ठरवावे. आणि वाचकांपैकी कोणी बार पाहण्यास जाणार असेल तर त्याने बाराच्या आत पोचावे, उंचवट्यावर उभे राहावे, ओढ्याकडची वाट बायकांसाठी मोकळी सोडावी आणि फोन खिशात ठेवावा.